अग्रलेखातला लोकप्रतिनिधी : ‘मूकनायक’च्या ‘मनोगता’चे रसग्रहण

पत्रकार राजकारणात उतरला की लोक दोन प्रकारे बोलतात. ‘लेखणी ठेवली आणि खुर्ची धरली’ असे काहीजण म्हणतात. ‘पेपरमुळे नाव झाले, आता मते मागणारच’ असे बाकीचे. दोन्ही बोलण्यांत पत्रकारिता आधी आणि राजकारण नंतर, असा क्रम धरलेला असतो. फिलिपिन्सच्या बेनिग्नो अक्विनो यांचे चरित्र या क्रमात नेमके बसते. सतराव्या वर्षी ‘मनिला टाइम्स’चे बातमीदार म्हणून ते कोरियाच्या युद्धावर गेले. त्या वार्तापत्रांनी नाव झाले आणि बाविसाव्या वर्षी ते कन्सेप्सियन गावचे नगराध्यक्ष झाले. पुढे तार्लाक प्रांताचे गव्हर्नर, १९६७ मध्ये सिनेटर, १९७२ मध्ये मार्कोस यांच्या मार्शल लॉचे कैदी, आणि २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावर गोळी लागून मृत्यू. आपल्याकडेही हा क्रम ओळखीचा आहे. आचार्य अत्रे यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ काढला आणि १९५७ मध्ये ते विधानसभेत गेले. बाळ ठाकरे यांचा ‘मार्मिक’ १९६० चा, शिवसेना १९६६ ची.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत हा क्रम लावायला गेले की अडचण होते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला तेव्हा त्यांच्यामागे पक्ष नव्हता, कायदेमंडळात जागा नव्हती, मते मागायला मतदारसंघ नव्हता. तरीही त्या अंकातले ‘मनोगत’ वाचताना एखाद्या लोकप्रतिनिधीचे भाषण ऐकतो आहोत असे वाटत राहते. बोलायला सभागृह मिळालेले नाही म्हणून ते छापले आहे, इतकेच. त्यांच्या पुढच्या छत्तीस वर्षांच्या राजकारणाची मांडणी या एका लेखात आधीच झालेली दिसते. ती कशी, हे लेखाच्या बांधणीतूनच पाहायचे आहे.

काळ ध्यानात घेतल्याशिवाय या लेखाची घाई कळत नाही. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा डिसेंबर १९१९ मध्ये मंजूर झाला होता. प्रांतांच्या कायदेमंडळांत हिंदी लोकांना वाढीव जागा मिळणार होत्या. त्या कोणाला मिळणार, हा खरा वाद होता. जानेवारी १९१९ मध्ये आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांसाठी त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले होते. मागणी इंग्रजीत, समितीपुढे, अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या भाषेत झाली होती. आता तीच मागणी मराठीत, आपल्या माणसांपुढे आणि आपल्या विरोधकांपुढे मांडायची होती. त्यासाठी पाक्षिक हवे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले आणि अंक निघाला.

संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. आंबेडकर त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीतल्या माणसाला असल्या पत्रावर स्वतःचे नाव घालता येण्यासारखे नव्हते. या अडचणीचा लेखावर झालेला परिणाम रसिकाने टिपण्यासारखा आहे. नव्या पत्राचे मनोगत म्हणजे संपादकाने स्वतःची ओळख करून द्यायची, उमेद आणि नम्रता सांगायची, वाचकांचा आशीर्वाद मागायचा, असा त्या काळचा शिरस्ता. इथे ओळख करून देणारा कोणी पुढे येतच नाही. लेखात ‘मी’ जवळजवळ नाही. आहे तो समाज, त्याचे थर, त्यांचे परस्परांशी असलेले नाते. लेखकाला पडद्याआड राहावे लागले आणि त्यामुळेच विषय थेट समोर आला. व्यक्तीची तक्रार एखाद्या वर्गाच्या दाव्यासारखी वाचली जाते. सभागृहात उभा राहणारा प्रतिनिधीही स्वतःच्या दुःखावर बोलत नाही. ज्यांनी पाठवले त्यांच्या वतीने तो बोलतो. इथे कोणी पाठवलेले नसतानाही लेखकाने तो आवाज घेतला आहे.

लेखाची सुरुवात अस्पृश्यतेपासून होत नाही, हे पहिल्या वाचनात सुटून जाते. सुरुवात होते देशापासून. निसर्गाने भरभरून दिलेला हा देश आणि त्यात राहणारी दरिद्री माणसे, असा विरोध लेखक आधी दाखवतो. दारिद्र्याचे नाते तो विषमतेशी लावतो आणि मग दारिद्र्य बाजूला ठेवून विषमतेचाच माग काढू लागतो. धर्माधर्मांतले भेद, मग एकाच धर्मातले भेद, मग जातीजातींतले भेद, अशा पायऱ्या उतरत तो हिंदू समाजाच्या तळाशी येतो. स्वतःच्या गाऱ्हाण्यापर्यंत पोचण्याआधी त्याने वाचकाला साऱ्या देशाचा नकाशा दाखवलेला असतो. त्यामुळे अस्पृश्यांचा प्रश्न एका जमातीचा खासगी प्रश्न राहत नाही, देशाच्या रचनेतला दोष ठरतो. वकील खटला असा उभारतो. अर्थशास्त्रज्ञ प्रबंध असा लिहितो. मराठी वर्तमानपत्रात अस्पृश्यांच्या बाजूने या रीतीने लिहिलेले त्या काळी क्वचितच आढळले असते.

मग येते ती प्रसिद्ध प्रतिमा, मनोऱ्याची. हिंदू समाज हा मजल्यामजल्यांचा मनोरा आहे, एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि या मनोऱ्यात वर जायला शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. खालच्या मजल्यावरचा कितीही लायक असो, त्याला वर घेत नाहीत. वरच्या मजल्यावरचा कितीही नालायक असो, त्याला खाली ढकलण्याची कोणाची छाती नाही. ही प्रतिमा आज इतकी वापरली जाते की तिची धार लक्षात येत नाही. धार आहे ती तिच्या दुसऱ्या भागात. खालच्याला वर येता येत नाही, हे तोवर अनेक सुधारकांनी सांगितले होते. वरच्याला खाली आणता येत नाही, हे सांगताना बोट थेट वरच्या मजल्याकडे जाते. अन्याय नुसता खालच्यावर होत नाही, वरच्याच्या नालायकीला जन्मभराचे संरक्षण मिळते, हा मुद्दा आहे. ही सत्तेची भाषा झाली. कोणाला वर चढवावे याइतकाच कोणाला खाली उतरवता आले पाहिजे हा प्रश्न महत्त्वाचा, आणि निवडणुकीच्या राजकारणाचे मर्म नेमके तिथेच आहे. मत म्हणजे वरच्याला खाली उतरवण्याचा हक्क. मनोऱ्याची प्रतिमा लिहिणाऱ्याला मताधिकाराचे मोल आधीच उमगलेले होते.

याहून कमी चर्चा झालेली, पण मला अधिक थोर वाटणारी प्रतिमा पुढे येते. समाजाची ब्राह्मण, ब्राह्मणेतर आणि बहिष्कृत अशी तीन भागांत वाटणी करून लेखक प्रत्येकाच्या बळाचा आणि उणिवेचा हिशेब मांडतो. ब्राह्मणेतरांकडे सत्ता आणि ज्ञान कमी, पण शेती, व्यापार, नोकरी यांचा काही आधार आहे. बहिष्कृतांकडे तोही नाही. दुर्बलता, दारिद्र्य आणि अज्ञान हे तीन प्रवाह इथे एकत्र येतात आणि त्या संगमात हा अफाट समाज वाहून गेला आहे, असे तो म्हणतो. त्रिवेणी संगम म्हणजे हिंदू मनातली पवित्र जागा. तिथे बुडी मारली की पापे धुतली जातात. लेखकाने तोच शब्द घेतला आणि त्यात माणसे बुडताना दाखवली. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीच्या वाचकाला हा उपरोध विशेष झोंबावा. तालुक्यातल्या मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते म्हणून ते क्षेत्र. महाशिवरात्रीला तिथे हजारो माणसे नदीत उतरतात. याच तालुक्याच्या अंगाला चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून पुढे प्राणहिता सुरू होते. नदीच्या आणि संगमाच्या पुण्याईवर वाढलेल्या मुलखात बसून हे वाक्य वाचले म्हणजे कळते की लेखकाने एकाच रूपकात श्रद्धेची भाषा वापरली आणि त्या श्रद्धेकडे हिशेबही मागितला. शिवी नाही, आक्रोश नाही. एक पवित्र शब्द चुकीच्या वाटणाऱ्या पण बिनचूक जागी ठेवला आहे.

तिसरी प्रतिमा आगबोटीची. मुंबई इलाख्यातली बरीच वर्तमानपत्रे एखाद्या जातीचे हित पाहतात, इतरांची पर्वा करत नाहीत, कधी इतरांना घातक असेही लिहितात, असा आरोप केल्यावर लेखक त्यांना एक गोष्ट समजावतो. समाज ही आगबोट आहे. तिच्यातल्या एखाद्या उतारूने मुद्दाम दुसऱ्यांचे नुकसान करायला किंवा गंमत पाहायला दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडले, तर आधी नाही तरी मागून त्यालाही जलसमाधी मिळणारच. बोट बुडणे ही या लेखकासाठी पुस्तकी गोष्ट नव्हती. १९१७ मध्ये लंडनहून परतताना त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती, आणि महायुद्धाच्या धामधुमीत ती बोट पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली होती.

मनोरा आणि आगबोट या दोन प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या की लेखाची खोली कळते. मनोऱ्यात वरच्याला खालच्याची गरज भासत नाही. मजले वेगळे, जगणे वेगळे. आगबोटीत सगळ्यांचे तळ एकच. पहिली प्रतिमा आहे तसा समाज दाखवते, दुसरी तोच समाज वास्तवात कसा एकमेकांत गुंतला आहे ते दाखवते. पहिलीत संताप आहे, दुसरीत इशारा. लेखक वरच्या मजल्यावरच्यांपुढे दयेची याचना करत नाही. तुमचे हित आमच्या हिताला बांधलेले आहे, एवढे तो सांगतो. राजकारणी माणूस वाटाघाटीला बसतो तेव्हा त्याच्या हाती हाच युक्तिवाद असतो. गोलमेज परिषदेत आणि नंतर पुणे कराराच्या वेळी आंबेडकर कोणत्या पायावर उभे होते, त्याचा आराखडा या दोन प्रतिमांत आहे.

या लेखात एक मोठेपणाही आहे, आणि तो हिशेबी आहे. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोध पत्रिका’ अशा पत्रांत बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा होते, हे तो मान्य करतो. मग म्हणतो की त्यांना इतर विषय असतात, जागा अपुरी पडते, म्हणून स्वतंत्र पत्र हवे. आधी निघून बंद पडलेल्या पत्रांची आठवण तो काढतो. शिवराम जानबा कांबळे यांचे पुण्याचे ‘सोमवंशीय मित्र’ आणि किसन फागू बनसोडे यांनी नागपुरात चालवलेली पत्रे त्यात येतात. विदर्भाच्या वाचकाने इथे थोडे थांबावे. मोहप्याचे बनसोडे हे मूकनायकच्या आधी दशकभर नागपुरात पत्रे काढत होते. बंद पडली की पुन्हा काढत होते. आंबेडकरांच्या लेखात त्यांचे नाव मोठ्या अक्षरात नसले तरी जे पत्र निघाले ते रिकाम्या जमिनीवर निघाले नाही, ही नोंद लेखकाने स्वतःच ठेवली आहे. मित्रांचे ऋण मानायचे, पूर्वसूरींची नोंद ठेवायची आणि तरी आपली वेगळी जागा मागायची, हे तिन्ही त्याने चार-पाच वाक्यांत साधले आहे. आघाडीच्या राजकारणात पुढे नेत्यांना हेच करावे लागते आणि फार थोड्यांना जमते.

भाषेबद्दल बोलायलाच हवे. हे गद्य सोपे नाही. संस्कृत समास आहेत, लांब वाक्ये आहेत, केसरीच्या आणि निबंधमालेच्या पिढीने घडवलेल्या मराठी गद्याचा बांधा आहे. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. मग हे गद्य कोणासाठी? दोघांसाठी, असे मला वाटते. परळच्या चाळीत किंवा एखाद्या महारवाड्यात कोणीतरी शिकलेला मोठ्याने वाचणार आणि बाकीचे ऐकणार, म्हणून मनोरा, संगम, आगबोट. आणि पुण्या-मुंबईच्या संपादकांच्या टेबलावरही अंक जाणार, म्हणून तो घडीव बांधा. प्रतिमा ऐकणाऱ्यांसाठी आणि वाक्यरचना वाद घालणाऱ्यांसाठी. त्या दुसऱ्या श्रोत्याने कान बंद करून घेतले होते. पैसे देऊनही मूकनायकची जाहिरात छापायला ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट आंबेडकरांनीच पुढे लिहून ठेवली.

मनोगतानंतरच्या अंकांत लेखणी उघडपणे राजकारणात शिरते. स्वराज्य म्हणजे कोणाचे राज्य, ते मिळाल्यावर बहिष्कृतांचा वाटा किती आणि तो मोजायचा कसा, यावर एकामागून एक लेख येतात. सुरुवातीच्या अग्रलेखांचा रोख एकच आहे. आकडा सांगा, प्रमाण सांगा, पद्धत सांगा. त्याच वर्षी मार्चमध्ये अस्पृश्यांची माणगाव परिषद झाली, मेअखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद झाली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यांनीच निवडावेत, दुसऱ्या कोणत्याही संस्थेने नेमू नयेत, हा मुद्दा नागपुरात निकराने लढवला गेला. जुलैत आंबेडकर शिक्षण पुरे करायला लंडनला निघाले. पत्र पुढे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्या हाती आले आणि १९२३ मध्ये बंद पडले.

मूकनायक सुरू झाल्यानंतर सात वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. आता संपादक म्हणून नाव उघड होते. शिरोभागावरचा बदल पाहण्यासारखा आहे. मूकनायकच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता, भीड सोडून बोलायला लावणारा. बहिष्कृत भारतच्या शिरोभागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या, हाती धनुष्य घेऊन रथावर चढायला सांगणाऱ्या. मध्ये महाड घडले होते. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले आणि त्याच वर्षाच्या आरंभी आंबेडकर मुंबई कायदेमंडळाचे नामनियुक्त सदस्य झाले होते. सभागृह मिळाले, तरी लेखणी ठेवली गेली नाही. उलट तिला काम वाढले. महाडवर त्यांनी जी लेखमाला लिहिली तिची रचना मनोगताच्या वाचकाला लगेच ओळखू येते. धर्मसंग्राम एक आणि जबाबदाऱ्या तीन : वरिष्ठ हिंदूंची, इंग्रज सरकारची आणि अस्पृश्य वर्गाची. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव कायदेमंडळात १९२३ मध्ये झालेला होता. तो अमलात आणणे कोणाचे काम, हे प्रत्येकाच्या नावावर वेगळे टाकले आहे. आणि तिसरी जबाबदारी स्वतःच्या माणसांवर टाकताना लेखकाने हात आखडलेला नाही. मते मागणारा नेता सहसा या तिसऱ्या भागात गोड बोलतो. इथला संपादक बोलत नाही.

त्याच पत्रातला फेब्रुवारी १९२८ चा ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ हा लेख आंबेडकरांच्या गद्यातला सर्वांत जिव्हाळ्याचा लेख म्हणता येईल. पत्र कर्जात आहे. वर्गणीदार पुरेसे नाहीत. अंकाचे चोवीस-चोवीस स्तंभ संपादकाला एकट्याने भरावे लागतात, आणि मोबदला शून्य. हे सारे सांगताना सूर हिशेबाचा राहतो. पण मथळ्यातला प्रश्न वाचकाकडे वळवलेला आहे. हे कर्ज माझे आहे की सगळ्यांचे? मनोगतात ‘मी’ जवळजवळ नव्हता. इथे तो पहिल्यांदा ठसठशीतपणे येतो, आणि तोही ऋणको म्हणून. पत्रकाराला वाचकांशी आणि पुढाऱ्याला लोकांशी जो व्यवहार करावा लागतो तो या लेखात एक झालेला आहे. मागणारा आणि देणारा यांतला फरक मिटवून प्रश्न वर्गणीचा न राहता भागीदारीचा केला आहे.

पुढचे राजकारण या गद्याच्या शेजारी ठेवून वाचावे. १९२७ मध्ये बहिष्कृत भारतमध्ये त्यांनी महार वतनावर लिहिले, १९२८ मध्ये कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. लेखातली बांधणीच विधेयकात उतरली. १५ ऑगस्ट १९३६ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत प्रवेश केला आणि त्याच वर्षी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. ‘जनता’ हे पत्र तोवर या चळवळीचे मुखपत्र झाले होते. ते २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाले तेव्हा आंबेडकर लंडनला गोलमेज परिषदेत होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी शेवटचे मोठे भाषण केले. राजकारणात एक माणूस एक मत, समाजात आणि अर्थव्यवस्थेत मात्र असमानता, हा विरोध किती काळ चालू ठेवायचा, आणि तो चालू ठेवला तर लोकशाहीची इमारत धोक्यात येईल, हा त्या भाषणातला इशारा सर्वांना माहीत आहे. मनोगताचा वाचक इथे दोन्ही जुन्या प्रतिमा ओळखतो. मनोरा आहे. बुडण्याचा इशाराही आहे. एकोणतीस वर्षांत मागणी करणारा मसुदा समितीचा अध्यक्ष झाला होता, पण युक्तिवादाचा कणा बदललेला नव्हता.

या एकरूपतेची किंमतही मोजावी लागली. संपादक दुसऱ्या कामात गुंतला की पत्र मरते, हे मूकनायक आणि बहिष्कृत भारत या दोघांच्या बाबतीत घडले. दुसरे १५ नोव्हेंबर १९२९ नंतर थांबले. ‘जनता’ टिकले ते देवराव नाईक, कद्रेकर, सहस्रबुद्धे अशा इतरांनी ते ओढले म्हणून. उलट बाजूही तितकीच खरी आहे. संपादकाचे न वाकणारे गद्य निवडणुकीच्या बाजारात चालत नाही. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत नारायण काजरोळकरांकडून आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात आंबेडकर पराभूत झाले. तिसरी जबाबदारी स्वतःच्या वर्गावर टाकणाऱ्या लेखकाला सगळ्यांना खूश ठेवणारा उमेदवार होणे शक्य नव्हते. अक्विनोंच्या किंवा अत्र्यांच्या बाबतीत पत्रकारितेने राजकारणाला लोकप्रियता पुरवली. इथे तिने तत्त्व पुरवले, आणि तत्त्वाला मते नेहमीच मिळत नाहीत.

चामोर्शीतून वाचताना मनोगतातली एक उणीवही दिसते. ब्राह्मण, ब्राह्मणेतर, बहिष्कृत या त्रिभागणीत गोंड आणि माडिया कुठेच नाहीत. १९२० मध्ये हा मुलूख मध्यप्रांतातल्या चांदा जिल्ह्याचा भाग होता. मालगुजारांची गावे, अहेरीसारख्या जमीनदाऱ्या, वेठबिगार, आणि जंगलाच्या कायद्यांनी बांधलेली माणसे. मनोऱ्याच्या सर्वांत खालच्या मजल्याखालीही कोणी राहते, की ते मनोऱ्याच्या बाहेरच आहे, हा प्रश्न मुंबईतून लिहिणाऱ्या त्या लेखाने विचारलेला नाही. त्याची दृष्टी चातुर्वर्ण्याच्या गावगाड्यावर खिळलेली आहे. पण लेखाने घालून दिलेली कसोटी इथेही लागू पडते. आमचा प्रतिनिधी आमच्यातलाच असावा, ही मूकनायकची मागणी राज्यघटनेत अनुसूचित जातींबरोबर अनुसूचित जमातींसाठीही मान्य झाली. आज गडचिरोली, आरमोरी आणि अहेरी या जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा जागा आणि गडचिरोली-चिमूर ही लोकसभेची जागा जमातींसाठी राखीव आहे. १९२० च्या अंकात ज्यांचे नाव नव्हते त्यांच्या मतपत्रिकेवर त्या अंकातला विचार पोचला. लेखाच्या नजरेबाहेर राहिलेल्या माणसांनाही त्याचा युक्तिवाद कामी आला, यात त्याचे बळ आहे.

नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, आंबेडकर चंद्रपूरला आले आणि तिथे धम्मदीक्षेचा दुसरा सोहळा झाला. त्यांचे पत्र त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीपासून ‘प्रबुद्ध भारत’ या नावाने निघत होते. शेवटच्या वर्षीही चळवळीच्या हाती पत्र होते, हे त्यांच्या कारकिर्दीबद्दल पुरेसे सांगून जाते.

मूकनायकचे मनोगत हा मराठी पत्रकारितेतला एक श्रेष्ठ अग्रलेख आहे, असा माझा निवाडा आहे. भावनेची ऊब आणि हिशेबाची शिस्त त्यात एकाच वाक्यात नांदतात. प्रतिमा युक्तिवादाला सजवत नाहीत, त्याच युक्तिवाद करतात. आणि लिहिणाऱ्याला पुढे काय करायचे आहे ते त्याच्या मांडणीतच दिसते. आज आपण तो भाषणांतून आणि भिंतींवरच्या फलकांतून तुकड्यातुकड्यांनी ऐकतो. मनोऱ्याचे वाक्य सर्वांना येते, आगबोटीचे थोड्यांना, संगमाचे फारच थोड्यांना. मूकनायक आणि बहिष्कृत भारत यांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने पुन्हा छापले आहेत. पत्रकार आंबेडकरांचा सविस्तर अभ्यास गंगाधर पानतावणे यांनी केला आहे. दोघेही नागपूरचे, म्हणजे आपल्याच विदर्भातले. तालुक्याच्या ग्रंथालयात अंकांचा तो खंड मागून घ्या, नसेल तर मागवायला लावा, आणि मनोगत पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एका बैठकीत, शक्य तर मोठ्याने वाचा. गावातल्या पत्रकाराने आणि निवडून आलेल्या सदस्याने तर ते वाचायलाच हवे.